सकाळचं झाकण

उद्याच्या अंदाजाच्या तीन ओळी लिहून झाल्या होत्या. सोनझरी खोऱ्यात हवा उष्ण आणि कोरडी राहील. कमाल तापमान एक्केचाळीस अंश, दुपारची आर्द्रता नऊ टक्के. सकाळी सव्वानऊच्या पुढे पश्चिमेकडून जोराचा वारा सुटेल, ताशी पस्तीस ते चाळीस किलोमीटर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या मुलखाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. रेवता मडावी अडली होती ती चौथ्या ओळीपाशी. आणि खोऱ्यातले लोक वाचत ती चौथी ओळच.

‘पाचोळा जाळण्यास सुरक्षित वेळ : सकाळी सहा ते साडेआठ.’

ही ओळ यंत्राने तयार करून दिली होती. तिने फक्त सही करायची होती. चार वाजत आले होते, सही साडेपाचपर्यंत लागायची, आणि तिने ती अजून केली नव्हती.

मोह गळायला लागण्याआधी झाडाखालची जमीन साफ लागते. फुलं पहाटे टपटपतात, फिकी पिवळी, बोराएवढी. पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत, आणि दिसली तरी वेचायला चौपट वेळ लागतो. म्हणून आधी पाचोळा पेटवून द्यायचा, ही खोऱ्यातली जुनी रीत. झाड आपलं, आग आपली. पण आग झाडाखालीच थांबते असं नाही. वारा असला तर ती बांबूच्या बेटात शिरते आणि बेटातून डोंगरावर जाते. सरकारने बंदी घालून पाहिली, दंड करून पाहिला, झाडांखाली अंथरायला जाळ्या वाटून पाहिल्या. जाळ्या लग्नाच्या मांडवांना आणि शेळ्यांच्या कुंपणांना लागल्या.

मग सहा वर्षांपूर्वी ‘वनवारा’ आलं. शर्टाच्या बटणाएवढे चाळीस हजार ठिपके खोऱ्यातल्या झाडांच्या बुंध्यांवर चिकटवले गेले. पाचोळ्यात ओल किती, बुंध्याजवळ हवा किती तापली, वारा कोणत्या बाजूचा, हे प्रत्येक ठिपका दर दोन मिनिटांनी सांगतो. त्यावरून यंत्र हिशेब करतं, की या हेक्टरात, या घटकेला काडी लावली तर जाळ जागच्या जागी विझेल की पसरेल. चौसष्ट गावांत चौसष्ट खांब उभे राहिले. प्रत्येकावर हिरवा, पिवळा, लाल दिवा, वाऱ्याचा वेग दाखवणारी पाटी आणि एक भोंगा. पहिल्या वर्षी वणवे निम्म्यावर आले. गेल्या वर्षी एकही लागला नाही. पेपरातल्या अंदाजाला आयुष्यभर हसलेली माणसं आता दिवा पाहिल्याशिवाय काडी ओढत नव्हती.

अडचण तिथेच होती, आणि ती रेवताला मागच्या मंगळवारी दिसली. दक्षिणेकडच्या नऊ गावांत निम्म्या झाडांना मोह लवकर येतो, उरलेल्यांना बाकी खोऱ्याबरोबर. त्या गावांना मंगळवारी सकाळी सहाला हिरवा दिवा मिळाला आणि सव्वानऊला यायचा वारा तिथे आठ चाळीसला आला. जाळ विझलेले होते, नुकसान झालं नाही. यंत्राने पस्तीस मिनिटांची ती तफावत मोजमापातली चूक समजून पुसून टाकली. रेवताला ती पुसता आली नाही. तिने उपग्रहाची चित्रं काढून पाहिली. सहा वाजून चार मिनिटांनी नऊची नऊ गावं एकदम पेटली होती.

रात्री जमीन थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते, ती खोऱ्यात तळाशी बसून राहते. तिच्यावर, दोनतीनशे मीटर उंचीवर, उबदार हवेचा थर असतो आणि त्या थरात वारा रात्रभर पळत असतो. खाली पान हलत नाही, कारण मधल्या सीमेचं झाकण घट्ट असतं. सूर्य चढला की जमीन तापते, खालची हवा वर उठू लागते, झाकण पातळ होत जातं आणि सव्वानऊच्या सुमाराला फुटतं. मग वरचा वारा धाडकन खाली येतो. सकाळची शांतता म्हणजे हे झाकण. सुरक्षित वेळ म्हणजे ते फुटेपर्यंतचा वेळ.

यंत्राला हे सगळं ठाऊक होतं. त्याला एवढंच ठाऊक नव्हतं, की लोक आता त्याचं ऐकतात. पूर्वी कोणी सोमवारी पेटवी, कोणी गुरुवारी, कोणी सकाळी, कोणी भर दुपारी. आता सगळे एका दिवशी, एका मिनिटाला पेटवत होते. पुढचे दिवस वाऱ्याचे, म्हणून यंदा खोऱ्यातल्या चौसष्टही गावांची पाळी उद्याच एकदम होती. पावणेदोन लाख झाडं. रेवताने कागदावर गुणाकार केला, मग पुन्हा केला. एवढ्या पाचोळ्याची उष्णता म्हणजे कोवळ्या उन्हाचं जवळपास तासाभराचं काम. झाकण आठ-सव्वाआठलाच फुटणार होतं. आणि तेव्हा निम्मे जाळ अजून जिवंत असणार होते.

बोपचे सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. केंद्राचे ते प्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

“मडावी, एका मंगळवारावर सिद्धान्त उभा करताय?”

“दोन मंगळवार दाखवले तर मान्य कराल, सर?”

“दोन दाखवले तर म्हणेन तिसरा आणा. तुम्हीच नाही का नवीन पोरांना हे शिकवत?” त्यांनी चष्मा काढला. “बरं, धरून चाला की बरोबर आहे. काय करू? सगळीकडे लाल लावू? उद्यानंतर चार दिवस सकाळपासूनच वारा आहे. मोह तेरवा गळायला लागतो. लोक थांबतील?”

“नाही थांबणार.”

“एकदम पेटवतील. आणि तुमच्या दिव्यावरचा विश्वास गेला तो गेला. यंत्र हिरवा म्हणतंय, तर हिरवाच जाईल. आपण अंदाज देतो, मडावी. लोकांना वागवत नाही.”

ते चुकीचं बोलत नव्हते. ती जागेवर परतली. सगळीकडे हिरवा दिला तर झाकण फुटेल. सगळीकडे लाल दिला तरी लोक पेटवतीलच, झाकण फुटेलच. एकतृतीयांश गावांनी पेटवलं तर मात्र टिकेल. आणि शेजारी हिरवा दिसला, तर आपल्याकडचा लाल लोक खरा धरतील. एकवीस गावं हिरवी, त्रेचाळीस लाल.

एखाद्या गावचे ठिपके बिघडले तर तिथला दिवा हाताने लाल करायचा अधिकार अंदाजकाराला होता. पडद्यावर गावाच्या नावापुढे खूण करायची: ‘ठिपके नादुरुस्त’. ठिपके ठणठणीत चालू होते. चौदा वर्षांच्या नोकरीत तिने एक आकडाही फिरवला नव्हता. एका दुष्काळी वर्षी मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी तापमान अर्ध्या अंशाने कमी दाखवा म्हणणाऱ्याला तिने लेखी नकार दिला होता.

तिने यादी केली. वारा खिंडीतून उतरतो, तेव्हा खिंडीच्या तोंडाशी असलेल्या गावांना लाल. वर दाट बांबू आहे त्यांना लाल. यादीत दुसरं नाव आलं हिरडाटोला.

ती तिथलीच होती. थोरली बहीण फुलवंता अजून तिथेच राहत होती. नवरा गेल्यावर अठ्ठेचाळीस झाडं तिने एकटीने सांभाळली होती, आणि रेवताची शाळा, कॉलेज, शहरातली खोली, सगळं त्या झाडांखालून आलं होतं. रेवताने त्या नावापुढे खूण केली. त्याच्या पुढच्याही नावापुढे केली. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी तिने सही ठोकली.

सात वाजता फुलवंताचा फोन आला.

“रेवे, उद्या हिरवा हाय ना व? सहा बाया सांगून ठेवल्या. परवा त्याईले आपल्या झाडाखाली नाही येता येत.”

“सकाळी दिवा पाह्य, बाई.”

“ते त पाहीनच. तू सांग ना. दर साली सांगतेस.”

“अजून नक्की नाही.”



“बरं नाही काय तुले?”

“बरं आहे. झोप तू. दमली असशील.”

“हाव, आता मोठी झालीस,” फुलवंता हसत म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सकाळी सहाला खोऱ्यात एकवीस हिरवे दिवे लागले. रेवता पावणेपाचपासून पडद्यासमोर होती. झाकणाची ताकद पडद्याच्या कोपऱ्यात अंशांत दिसते, वरची हवा खालच्यापेक्षा किती उबदार, त्यावरून. सहा अंश. सव्वासहाला धुराच्या पहिल्या रेघा उपग्रहाने टिपल्या, सरळ, काठीसारख्या उभ्या. झाकणापाशी पोचल्या की त्या आडव्या होऊन पसरत. सातला ताकद चार पूर्णांक सहा. तिच्या कागदावरही हाच आकडा होता. बोपचे सर सात वाजून पाच मिनिटांनी आले. नकाशाकडे पाहत उभे राहिले.

“एवढे लाल कसे?”

“ठिपके,” ती म्हणाली. ‘नादुरुस्त’ न म्हणता ती पडद्याकडे वळली.

सात वाजून वीस मिनिटांनी कोहमाटोला पेटला. त्याचा दिवा लाल होता. तीन मिनिटांनी त्याच्या शेजारचं गाव. मग ओढ्यापलीकडची दोन. रेवताला आपली चूक तेव्हा कळली, आणि ती गणितातली नव्हती. खांबावर लाल दिव्याखालीच वाऱ्याच्या वेगाची पाटी होती. तिच्यावर तीन किलोमीटर दिसत होतं. लोक ती वाचत होते. शिवाय या गावांच्या सोयरिकी एकमेकांत होत्या. पलीकडच्या गावात मामा पेटवतोय आणि अलीकडे भाचा लाल दिव्याकडे बघत उभा आहे, हे कितीसं चालणार होतं?

साडेसात. तीन पूर्णांक एक. कागदावर तीन पूर्णांक नऊ होते.

तिने हिरडाटोल्याला फोन लावला. पलीकडे गर्दीचा गलका होता.

“बाई, कुठे आहेस?”

“खांबापाशी. सारं गाव हाय. दशरू पटेल म्हणतो, दिवा बिघडला. वारा तर नाही, पान हलून नाही राह्यलं. चला, पेटवा म्हणतो. काय झालं व रेवे? बिघडला काय दिवा?”

“नाही बिघडला. पेटवू देऊ नको त्यांना.”

“काहून?”

रेवताने बोपचे सरांकडे पाहिलं. ते तिच्याचकडे पाहत होते. फोन तसाच चालू ठेवून ती उठली आणि भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकाशी गेली. खोरंभर वणवा पेटल्यास सगळ्या भोंग्यांवर एकदम बोलण्याची ती सोय होती. सहा वर्षांत ती एकदाही वापरावी लागली नव्हती. तिने बटण दाबलं आणि चौसष्ट गावांतली खरखर एकदम खोलीत आली.

“मी रेवता मडावी, हवामान केंद्रातून. ज्या गावांचा दिवा लाल आहे त्यांनी ऐका. तो यंत्राने लाल केला नाही. मी केला. तुमच्या गावात वारा नाही हे खरं आहे. मी खोटं सांगितलं.”

“मडावी!” बोपचे सर पुढे आले.

“खोटं का सांगितलं ते ऐका. चुलीवरच्या पातेल्यावर झाकण असतं, तशी तुमच्या डोक्यावर सकाळी हवा असते. वारा त्या झाकणावर आहे. आत्ता आहे. तुमच्या गावाने एकट्याने पेटवलं तर काही होत नाही. सगळ्यांनी पेटवलं तर झाकण फुटतं आणि वारा तुमच्या जाळावर पडतो. एकवीस गावांपुरतीच जागा होती. म्हणून बाकीच्यांना लाल दिला. विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आता विचारते. ज्यांनी पेटवलं नाही त्यांनी काडी खिशात ठेवा. ज्यांनी पेटवलंय त्यांनी हिरव्या डहाळ्या घ्या आणि झोडपून विझवा. आत्ता. पाऊण तास आहे, जास्त नाही.”

तिने बटण सोडलं. बोपचे सरांचा हात विजेच्या खटक्यावर होता. केव्हापासून होता कोण जाणे. त्यांनी तो दाबला नव्हता.

टेबलावरच्या फोनमधून हिरडाटोला ऐकू येत होता.

“वा रे हुशारी!” हा दशरू पटेलाचा घोगरा आवाज. “त्याईनं पेटवावं अन् आमी तोंड पाहावं? कोणी ठरवलं हे? हापिसात पंख्याखाली बसून?”

“माह्या बहिणीनं ठरवलं,” फुलवंता म्हणाली.

“तेच म्हणून राह्यलो! आपल्या माणसायले—”

“आपल्या माणसायले काय? हिरवा देल्ला? पटेल, डोये हायेत का कवड्या? पाह्य तो दिवा. कोणता हाय?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“काल सांजेले मी फोन केला. सख्ख्या बहिणीले सांगितलं नाही तिनं. अठ्ठेचाळीस झाडं माही, अन् मले लाल. खोटं बोलली असंन. पण सोयरं पाहून नाही बोलली.” आवाज किंचित चिरकला. “मी नाही पेटवत. ज्याले पेटवाचं त्यानं आधी माह्या झाडाखाली येऊन पेटवून दाखवा.”

पुढचं रेवताला नीट कळेना. बरीच माणसं एकदम बोलत होती. बायकांचा आवाज वर चढला, मग फोन कुठेतरी घासला गेला आणि बंद पडला.

पावणेआठ. दोन पूर्णांक पाच. लाल गावांपैकी बारा पेटली होती. एकतीस पेटली नव्हती. तिने आकडे मोजले आणि पुन्हा मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. आठला बारांतल्या सात गावांचा धूर पांढरा झाला, म्हणजे लोक विझवत होते. ताकद हळू उतरू लागली. एक पूर्णांक आठ. एक पूर्णांक चार. सव्वाआठ गेले. साडेआठ गेले. बोपचे सर शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

आठ वाजून एकावन्न मिनिटांनी खिंडीतल्या पहिल्या ठिपक्याने चौतीस किलोमीटर सांगितले. मग एकामागून एक सगळ्यांनीच.

काठीसारख्या उभ्या रेघा एका क्षणात पूर्वेला आडव्या पडल्या. हिरव्या गावांचे जाळ केव्हाच निवले होते. कोहमाटोल्याचा निवला नव्हता. तिथे लोकांनी डहाळ्या उशिरा उचलल्या होत्या. आग बांबूत शिरली. वनखात्याची पथकं संध्याकाळी परतली तोवर बत्तीस हेक्टर गेले होते, आणि बेटात शिरलेली शेळी सोडवायला गेलेल्या एका म्हाताऱ्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले होते. त्याचं नाव सुकलू होतं. रेवताने ते विचारून घेतलं आणि अहवालात लिहिलं.

अहवाल तिने त्याच दुपारी लिहिला. ‘ठिपके नादुरुस्त’ ही त्रेचाळीस गावांची नोंद असत्य असून ती मी जाणूनबुजून केली, हे पहिल्याच वाक्यात. बोपचे सरांनी वाचून खाली सही केली.

“चौकशी होईल. तोवर अंदाजावर सही तुमची नाही, माझी.”

“हो, सर.”

“झाकण आठ दहाला फुटलं असतं की नसतं, हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मला तरी वाटतं, फुटलं असतं,” ते दाराकडे जात म्हणाले. “पण ते मी लिहून देणार नाही. एकच मंगळवार आहे.”

खिडकीबाहेर वारा पाचोळा आणि धूळ उडवत होता, रस्त्यावरच्या पाट्या थडथडत होत्या. आकाश तापलेल्या तव्यासारखं पांढरं पडलं होतं. तीनच्या सुमाराला फोन वाजला.

“बाई,” रेवता म्हणाली.

“काल काहून नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू सहा बायांना सांगितलं असतंस.”

“सांगितलं असतं. मंग?”

“मग...” रेवता थांबली. “मग कदाचित सगळ्यांना आधीच कळलं असतं. हे मला काल सुचायला हवं होतं.”

“शिकून काय उपेग मंग तुहा,” फुलवंता म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो बोलणं न तोडणाऱ्या माणसाचा राग होता. मागे खरखर ऐकू येत होती, एका लयीत. “झाडून राह्यलो आमी. खराट्यानं. वाऱ्यात. एक झाड झाडलं का दुसऱ्याचा पाला तेथीच येते. पटेलबी झाडून राह्यला, शिव्या देऊन देऊन. तुले देते, मले देते, झाडाले देते.”

“देऊ दे.”

“अर्धी झाडं नाही होत परवापर्यंत. चार दिसानं वारा थांबन म्हणतेस. तवा तरी पेटवू द्यान काय? त्या दिशी कसं राहीन ते सांग. अन् खरं सांगजो.”

रेवताने सवयीने पडदा उघडला. चार दिवसांनंतरची सकाळ. यंत्राने चौथी ओळ आधीच तयार ठेवली होती: सहा ते साडेआठ, चौसष्ट गावं, हिरवा. तिने पडदा बंद केला.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वारा कधी येईल ते तुमच्यावर आहे. तूच आधी सांग. त्या दिवशी हिरडाटोल्यात किती झाडं पेटवणार?”

“मले काय मालूम? ज्याचं त्यानं ठरवाचं.”

“तर मग विचार त्यांना.”

फुलवंताने फोन कानाजवळून काढला असावा. तिचा आवाज लांब गेला आणि मोठा झाला. “अवो! पटेल! ते इचारते, पाचव्या दिशी तुमची किती झाडं? अरे, शिव्या मंग देजा, आकडा सांगा! ... हाव, हापिसच इचारून राह्यलं!”

खराट्यांची खरखर थांबली. मग वाऱ्यातून एकदम सात-आठ आवाज आले. कोणी बारा म्हणत होतं, कोणी वीस. एक बाई म्हणत होती की पटेलाची बारा असतील तर तिचीही बाराच. पटेल म्हणत होता की तिची झाडंच मुळी नऊ आहेत. कोणीतरी हसलं. रेवताने कोरा कागद ओढला, वरती हिरडाटोला लिहिलं, आणि भांडण संपायची वाट पाहत पेन्सिल हातात धरून बसली.